बसायची जागा कुठाय?

आज दुपारी एका मैत्रिणीनं तिच्या नव्या बागेचा आराखडा पाठवला. डिझायनरकडून करून घेतलेला, थ्रीडी, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारा. खाली "कसा वाटतो सांग." मी एकेक चित्र मोठं करून बघितलं. कडेनं पांढरे गोटे. मधे हिरवंगार प्लास्टिकचं गवत. कंपाउंडच्या भिंतीवर प्लास्टिकच्याच पानांचे तक्ते. कोपऱ्यात कारंजं. रात्रीच्या चित्रात प्रत्येक झुडपाच्या बुडाशी दिवा. सगळं होतं आणि बसायला जागा नव्हती. बाक नाही, कट्टा नाही, टेकायला साधी पायरी नाही.

विचारलं तर म्हणाली, "अगं, बागेत बसतंय कोण? हॉलच्या काचेतून मस्त दिसेल ना."

फोनवर मी फारसं बोलले नाही. पण तेव्हापासून आत खदखदतंय, म्हणून इथे लिहितेय. इथली बहुतेक मंडळी मातीत हात घालणारी आहेत, तुम्हाला फोड करून सांगावं लागणार नाही. बाग बघायची असतेच, पण त्याआधी तिच्यात असायचं असतं. जिथे असताच येत नाही ती बाग कसली?

माझ्या आत्याच्या घरामागे एक पट्टी होती. लांबीला बरी, रुंदीला जेमतेम एक खाट आडवी मावेल इतकी. घर घेतलं तेव्हा तिथे बांधकामाचा राडारोडा पडलेला. येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जायचा, फरशी घाला, शेड टाका, गाडी लावा. आत्यानं राडारोडा उचलून घेतला आणि तिथे एक लाकडी खुर्ची नेऊन ठेवली. झाड एक नाही. नुसती खुर्ची. सकाळी या टोकाला, दुपारी त्या टोकाला, पावसात वळचणीखाली. सगळे ऋतू फिरून आले तरी ती खुर्चीच हलवत होती. काकांचा धीर सुटला, शेजारीपाजारी हसले. आत्याला काही घाई नव्हती.

आणि त्या काळात तिला काय काय कळलं बघा. पूर्वेचं कोवळं ऊन कुठवर येतं. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर कुठल्या भिंतीवर पडतं आणि ती भिंत रात्रीपर्यंत कशी तापलेली राहते. पाऊस थांबल्यावर पाणी कुठे साचून राहतं. वारा कुठल्या फटीतून घुसतो. शेजारच्या खिडकीतून कुठली जागा दिसते आणि कुठली दिसत नाही. हे कुठल्या थ्रीडी चित्रात दिसतं, सांगा. डिझायनर एकदा येतो, टेप लावतो, फोटो काढतो आणि जातो. ज्या वेळी तो आला त्या एका वेळेचं ऊन त्याला माहीत.

हे आत्याचं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर श्रीलंकेच्या जेफ्री बावांची बाग बघा. एवढा मोठा वास्तुरचनाकार. १९४८ च्या सुमारास बेंटोटाजवळ त्यांनी रबराचा एक जुना मळा घेतला, त्याचं नाव लुनुगंगा, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते त्याच जमिनीवर काम करत राहिले. त्या बागेत ठिकठिकाणी बसायच्या जागा आहेत, वेगवेगळ्या वेळच्या वेगवेगळ्या, आणि बसल्या जागेवरून घरात निरोप पोचावा म्हणून जागोजागी घंटा टांगलेल्या. समोरच्या टेकडीवर एका झाडाखाली त्यांनी मोठा रांजण ठेवला. घरातून निघालेली नजर आधी त्या रांजणावर टेकते आणि मग पलीकडच्या पाण्याकडे, दूरच्या स्तूपाकडे जाते. चाफ्याच्या फांद्यांना वजनं बांधून त्यांनी त्या हव्या तशा वाकवल्या. माणूस आधी कुठे बसणार हे ठरलं की तिथून काय दिसावं हे ठरतं, आणि मग झाडाची जागा आपोआप सापडते. आमच्याकडे सगळं उलटं. आधी गवताचा गुंडाळा, मग गोट्यांच्या गोण्या, आणि माणसानं काचेमागे उभं राहायचं.

त्या गवताबद्दल तर मला बोलूच द्या. प्लास्टिकचं गवत गाजलं कशामुळे, माहितीये? अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छतवालं प्रचंड स्टेडियम उघडलं. छताला पारदर्शक तावदानं होती, त्यातून ऊन येऊन आत खरं गवत वाढायचं होतं. पण त्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवून टाकली. ऊन अडलं, गवत मेलं, आणि १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं गेलं. ऊन नाही म्हणून ते गाजलं! आणि आपण ते भर उन्हातल्या, जिवंत मातीवर अंथरतो. खरं गवत पानांतून पाणी बाहेर टाकत स्वतःला थंड ठेवतं. प्लास्टिक नुसतं तापतं, कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. अनवाणी पाऊल टाकून दाखवा. त्याच्याखाली माती ठोकून घट्ट करतात, वर खडीचा थर देतात. पाचोळा मातीत मिसळत नाही, गांडुळाला खायला काही उरत नाही. काही वर्षांनी ते फिकं पडतं, तंतू सुटायला लागतात, आणि ते सुटलेलं प्लास्टिक जातं कुठे? तुमच्याच मातीत.

बरं, गच्चीवर, जिथे माती नाहीच, तिथे मुलांना खेळायला कुणी एखादा तुकडा टाकला तर मी भांडायला येणार नाही. पण जमिनीवर? जिवंत जमिनीवर? नाही. हे मला पटणार नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

जरा उठून पाणी पिऊन आले.

आत्याच्या पट्टीकडे परत येते, कारण छोट्या जागेचं काय करायचं हे मला तिथेच कळलं. लांब, अरुंद जागेत सगळे जण मधोमध सरळ वाट काढतात आणि दोन्ही कडांना रोपांची ओळ लावतात. दारात उभं राहिलं की एका नजरेत सगळं संपतं. आत्यानं वाट वाकवली. एकट्या माणसाला दोन-अडीच फूट पुरतात, दोघांना बरोबरीनं चालायचं तर चार-साडेचार फूट हवेत, तेवढी जागा नव्हतीच, म्हणून तिनं एकट्यापुरती वाट ठेवली. अर्ध्यावर वळण, वळणावर कामिनीचं झुडूप. त्यामुळे दारातून टोक दिसत नाही आणि पाय आपोआप पुढे जातात. क्योटोच्या र्योआन-जी मंदिरातल्या दगडांच्या बागेत हेच आहे. तिथे १५ दगड आहेत, पण ओसरीवर कुठेही बसा, सगळेच्या सगळे एकदम दिसत नाहीत. एखादा तरी लपतोच. जागा मोठी वाटायला आरसे लावायचे सल्ले हल्ली फिरतात, ते कृपा करून ऐकू नका. पक्षी थेट त्यावर येऊन आपटतात.

रोपांचंही तेच. आपण नर्सरीत जातो आणि दिसेल ते एकेक उचलतो. एक लाल, एक पिवळं, एक ठिपक्यांचं, एक वेलीचं. मग घरी सगळी एका ओळीत आणि नजर कुठेच ठरत नाही. आत्याकडे प्रकार मोजके होते. एकाच जातीची तीन-तीन, पाच-पाच रोपं एकत्र, आणि तोच घोळका थोड्या अंतरावर परत. रुंद पानांची कर्दळ दाराजवळ, बारीक पानांचे नेचे लांब टोकाला, त्यामुळे टोक आहे त्याहून दूर वाटायचं. छोट्या छोट्या कुंड्यांचा बाजार तर तिनं कधी मांडलाच नाही. छोट्या कुंडीतली माती उन्हात बघता बघता वाळते, मुळं कोंडतात आणि आपण दिवसभर झारी घेऊन पळत राहतो. त्या सगळ्यांच्या ऐवजी एकच मोठी कुंडी ठेवा, तिच्यात माणसाच्या छातीला लागेल असं झाड लावा, बागेला लगेच वजन येतं.

रंगांवर मला खरं तर स्वतंत्र लिहायचंय. गर्ट्रूड जेकिल नावाची एक बाई होऊन गेली इंग्लंडमध्ये (१८४३–१९३२). चित्रकला शिकलेली, नजर अतिशय अधू, आणि तरी आयुष्यात ४०० च्या आसपास बागा आखल्या तिनं. तिच्या स्वतःच्या घरच्या, मन्स्टेड वुडच्या लांबलचक वाफ्यात दोन्ही टोकांना निळे, राखाडी, फिके रंग होते आणि मधोमध लाल-केशरी. लाल-केशरी रंग नजरेला जवळ येतात, निळे मागे सरतात. म्हणून छोट्या बागेच्या टोकाला लाल जास्वंद लावलीत तर भिंत अंगावर येते, निळी गोकर्ण चढवलीत तर तीच भिंत लांब जाते. आत्याच्या मागच्या भिंतीवर गोकर्णच होती. जेकिलचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं, खुर्चीत बसून तिला ते दिसलं होतं.

आणि पांढरा! आत्या नोकरी करायची. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. स्वतःची बाग तिला कामाच्या दिवशी फक्त त्या अर्ध्या-पाऊण तासात दिसायची. त्या वेळी लाल फूल काळं पडतं, जांभळं तर दिसतच नाही, पांढरं तेवढं उजळत जातं. म्हणून खुर्चीच्या भोवती तिनं सगळं पांढरं लावलं, तगर, कुंद, मोगरा, जरा लांब रातराणी. तीही डोक्याशी नाही, वाऱ्याच्या दिशेला काही पावलांवर, म्हणजे वास येईल पण डोकं उठणार नाही. इंग्लंडमध्येच सिसिंगहर्स्टला व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेनं १९४९-५० च्या सुमारास अख्खी पांढरी बाग लावली, ती आजही लोक लांबून बघायला येतात. आपल्यापैकी किती जण आपली बाग संध्याकाळीच बघतात, विचार करा. मग दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोंवरून रोपं का निवडायची?

म्हणून मैत्रिणीच्या आराखड्यातल्या त्या दिव्यांचा मला राग येतो. त्या पांढऱ्या फुलांवर अंधार पडला की पतंग येतात, आत्याकडे बसून मी कितीदा बघितलेत. प्रत्येक झुडपाच्या बुडाशी वर तोंड करून दिवा लावला की ते बिचारे फुलाकडे जायचे सोडून दिव्याभोवती गरगरत राहतात. दिवा हवाच तर वाटेवर लावा, गुडघ्याच्या खाली, तोंड जमिनीकडे, पिवळसर उजेडाचा, आणि आत जाताना बंद करा. पाय दिसला म्हणजे पुरे.

कारंज्याऐवजी एक उथळ पसरट भांडं ठेवा, दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड. पक्षी येतील, मोटर लागणार नाही. पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी ओता आणि भांडं घासा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढे त्याला मिळू देऊ नका.

हे लिहिता लिहिता त्या मैत्रिणीचाच मेसेज आला. "रागावलीस का? पैसे भरून झालेत गं. आणि आईचे गुडघे दुखतात, तिला खाली बसून माती करता येत नाही."

आता यावर मी काय रागावू? खरं आहे तिचं. वेळ नसतो, गुडघे दुखतात, बाग म्हणजे काम असतं, मान्य. पण याचंही उत्तर आत्याकडेच होतं. तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं वाफे उचलून घेतले. विटांचा कठडा, दीड फूट उंच, कडा चांगली फूटभर रुंद. दीड फूट म्हणजे खुर्चीचीच उंची. ती कडेवर बसते, बाजूला वळते आणि खुरपते. बाकही तोच, वाफाही तोच. मी मैत्रिणीला एवढंच लिहिलं की गवत अजून अंथरलेलं नाही ना, मग गोट्यांची जागा वाफ्याला दे, असा कठडा बांधून घे आणि आईला त्यावर बसव. ती "बघते" म्हणाली. तिचं "बघते" मला माहीत आहे, त्याचा अर्थ बहुतेक वेळा हो असतो.

पैशाचं म्हणाल तर डेरेक जार्मनची बाग आठवा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डंजनेस. खाली नुसते गोटे, खारा वारा, मागे अणुवीज केंद्र. हा सिनेमावाला माणूस, एचआयव्हीनं आजारी, किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं आणि गंजलेलं लोखंड गोळा करून मधे मधे झाडं लावत गेला. कुंपण घातलंच नाही, त्यामुळे ती बाग कुठे संपते ते कळतच नाही. १९९४ मध्ये तो गेला. मला त्या बागेचा फोटो बघितला की गलबलतं.

बाल्कनीवाल्यांनो, तुम्हाला विसरलेले नाही. कुंड्यांनी बाल्कनी भरण्याआधी स्वतःचं एक बूड मावेल एवढी जागा आखून घ्या, मग उरलेल्या जागेत काय ते लावा. जड कुंड्या भिंतीलगत, हलक्या कठड्याकडे. ओली माती फार जड असते, घनफुटाला ४० किलो सहज भरते, त्यामुळे मोठी कुंडी घ्यायच्या आधी बाल्कनी किती वजन घेते ते विचारून घ्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून वजन कमी करता येतं. कठड्याच्या बाहेर काही टांगू नका, खाली माणसं चालतात. आणि ज्यांच्या बाल्कनीत ऊन अजिबात येत नाही त्यांनी काय जगवलंय ते खाली लिहा, नावासकट. माझ्याकडे सगळं ऊनवालं आहे, आणि दोघी-तिघींनी मला गेल्या महिन्यात हेच विचारलंय.