रावेरकरांना उत्तर : केळ्याचा वास, माझं नाक आणि साडूभाऊंची डिक्की

रावेरकर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, रागात लिहू नका, सकाळी लिहा. सकाळी बसलो तर राग होता तिथेच होता. म्हणून कालचा दिवस जाऊ दिला. आज लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी माझे पुण्याचे साडूभाऊ आणि मी, आमच्या जळगावच्या गच्चीवर, दिवेलागणीनंतर, चार क्राफ्ट बिअर शेजारी शेजारी ओतून चाखल्या. एक हेफेवायझेन (गव्हाची जर्मन बिअर), एक विटबिअर (गव्हाची बेल्जियन), एक आयपीए (इंडिया पेल एल, कडवट) आणि एक स्टाउट (काळी). साडूभाऊंनी त्या पुण्याहून गाडीत घालून आणल्या होत्या. प्रत्येकीला पन्नासपैकी गुण दिले. हेफेवायझेन पहिली आली, आयपीए शेवटची. हेफेवायझेनबद्दल मी लिहिलं होतं, "वखारीचं दार उघडल्यावर येतो तसा पिकल्या बसराईचा वास." (बसराई ही केळीची जुनी जात.) आयपीएबद्दल लिहिलं होतं, "ओला पुठ्ठा चघळल्यासारखं."

त्यावर रावेरकर म्हणतात :

"साहेब, केळीचा वास तुम्हाला कोणी शिकवला? आमची तीन पिढ्यांची बाग आहे. बसराईला असा वास येत नाही, तो किराणा दुकानातल्या केळ्याच्या गोळीचा वास आहे. हेफेवायझेन 'संपूर्ण गव्हाची' नसते, तेही बघून घ्या. बाटल्यांची नावं झाकली नव्हती, म्हणजे साडूंनी सांगितलं ते तुम्ही लिहिलं. त्यात उन्हाळ्यात नऊ-दहा तास डिक्कीत तापलेला माल, वर शेवभाजी. पुठ्ठ्याची चव आयपीएची नसते, तापलेल्या नाहीतर जुन्या बाटलीची असते. तारीख तरी बघायची. पुण्यात राहून आलेली माणसं गावाकडे नाक मोठं करतात."

आधी त्या 'साहेब'बद्दल. आपल्याकडे 'साहेब' दोन प्रकारे म्हणतात, हे रावेरच्या माणसाला मी सांगायला नको. एक तलाठ्याला म्हणतात तो, आणि एक चौकात कोणाची फजिती करायची असली की म्हणतात तो. तुमचा दुसरा आहे. तुम्ही 'काय भो, हे काय लिहिलं?' असं विचारलं असतं तर मी हसून उत्तर दिलं असतं. चूक दाखवायला माझी कधीच ना नव्हती. पण "केळीचा वास तुम्हाला कोणी शिकवला" या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नाही.

कोणी शिकवला? माझ्या आजोबांनी. त्यांची सावद्याला केळीची वखार होती. बाग नव्हती, वखार होती, हा फरक लक्षात घ्या, कारण पुढे तोच महत्त्वाचा आहे. तेव्हा केळी पिकवायचे इथिलीन वायूचे चेंबर नव्हते. बंद खोली, घडांची थप्पी, वर केळीचीच वाळलेली पानं आणि कोपऱ्यात धुरी. दोन-तीन दिवस दार लावलेलं. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबा दार उघडायचे आणि मला पुढे करायचे. "वास घे अन् सांग, आज की उद्या?" मी सांगायचो. चुकलो तर टपली, बरोबर आलं तर फणीतलं एक केळं. असे माझे किती उन्हाळे गेले ते मोजलेले नाहीत. म्हणजे वासाचं माझं शिक्षण टपल्या खाऊन झालेलं आहे, पुण्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारच्या वर्गात नाही.

आता तुमची तीन पिढ्यांची बाग. मृगबाग असो की कांदेबाग (केळीच्या लावणीचे दोन हंगाम), घड कापला जातो तो हिरवा. पिकलेला घड कोणी दिल्लीच्या गाडीत भरत नाही. तुमच्या शेतात मजूर येतात, घड उतरतो, मोजला जातो, भाव ठरतो, गाडी निघते. हिरव्या केळीला वास असतो तो चिकाचा. मग पिकल्या बसराईचा वास तुम्ही कुठे घेतला? बांधावर? केळी पिकवणाऱ्याला पिकलेल्या केळ्याचा वास माहीत असतोच असं नाही. हे बोलणं लागेल, पण सुरुवात तुम्ही केलीत.

राहता राहिली गोळी. इथे मात्र तुम्ही स्वतःच माझी बाजू मांडलीत आणि ते तुमच्या ध्यानात आलं नाही. पिकल्या केळ्याच्या वासात एक मुख्य रसायन असतं, आयसोअमाइल अॅसिटेट. कारखान्यात केळ्याचं इसेन्स बनतं ते त्याचंच, आणि तुमच्या गोळीत पडतं ते इसेन्स. हेफेवायझेनमध्ये केळं घालत नाहीत, कोणी घातलं तर जर्मनीतले लोक त्याला गावाबाहेर काढतील. पण त्या बिअरचं जे खास यीस्ट आहे ते आंबवताना हेच रसायन तयार करतं, आणि आंबवण जरा गरम ठेवली तर जास्तच करतं. सोबत लवंगेसारखा वास येतो तोही यीस्टचाच, लवंगेचा नाही. म्हणजे वखार, गोळी आणि ग्लास, तिन्हीकडे एकच पदार्थ. तुम्ही गोळी म्हणालात, मी बसराई म्हणालो. माझ्या आठवणीत वखार आहे, तुमच्या आठवणीत किराणा दुकान. यात माझं नाक कुठे चुकलं?

जाता जाता, मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना बोलावण्यासाठी जो वास सोडते, त्यातही मुख्य हेच रसायन असतं. म्हणून पेटीजवळ केळं खाऊ नये असं मधपाळ सांगतात. तुमची प्रतिक्रिया आल्यावर खाली आणखी दोघांनी डंख मारले, तेव्हा मला हे आठवलं.

तरी मान्य करतो, केळ्याच्या वासात या एका रसायनाशिवाय पुष्कळ काही असतं आणि बिअरमध्ये ते सगळं नसतं. त्यामुळे नुसतं "पिकलं केळं" लिहिलं असतं तर भागलं असतं. 'बसराई' हा शब्द मी जिव्हाळ्याने लिहिला. आता तर सगळीकडे ग्रँड नैन ही जात दिसते, जुनं नाव लेखात यावं एवढाच हेतू होता. जिव्हाळ्याला पुरावा मागणाऱ्यांना काय सांगणार?

गव्हाचं तुमचं बरोबर आहे. मी "संपूर्ण गव्हाची" लिहिलं, ती चूक. जर्मनीतल्या नियमाप्रमाणे निम्मं तरी गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, बाकी जवाचं असतं. लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तुमचं नावही दिलं आहे. मी आडमुठा असतो तर हे केलं नसतं, एवढं बाकीच्या वाचकांनी लक्षात घ्यावं.

शेवभाजीबद्दल मात्र बोलू नका. आखाजीला साडू घरी आलेला आहे आणि त्याच्यापुढे खारे शेंगदाणे ठेवून "आता बिअर चाखा" म्हणायचं, हे आमच्या घरात होत नाही. तिखटाने जीभ पेटते आणि आयपीएचा कडवटपणा त्यावर चढून बसतो, हे मला माहीत आहे. पहिल्या दोन बिअर आम्ही शेवभाजी वर यायच्या आधीच चाखल्या होत्या. उरलेल्या दोन नंतर.

आता पुण्याचं. हो, मी पुण्यात राहिलो, सहा वर्षं नोकरी केली. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून देणारं छोटं ठिकाण) सुरू झाली तेव्हा मी तिथेच होतो. मायक्रोब्रुअरी म्हणजे काय हे तेव्हा माझ्या ओळखीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. साडूभाऊंनी पहिल्यांदा नेलं ते तिथेच. तेव्हा ते साडू नव्हते, ऑफिसातले वरिष्ठ होते. आमची लग्नं नंतर ठरली, आणि दोन बहिणी आम्हा दोघांच्या घरी कशा आल्या ती गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. त्या दिवशी ते मला म्हणाले होते की 'डूलाली' हा इंग्रजीतला शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे, त्यातले काही डोक्यावर परिणाम झाल्यासारखे वागायचे, म्हणून वेडसर माणूस म्हणजे 'डूलाली'. नाव ऐकूनच मला ती जागा आपली वाटली. तेव्हापासून सोळा-सतरा वर्षं मी हे पितोय, वहीत लिहून ठेवतोय. वह्या चार झाल्या आहेत. तुमच्याकडे किती आहेत?

आणि पुण्यातून परत आलो ते वडिलांचं आजारपण होतं म्हणून. नाक मोठं करायला कोणी उन्हाळ्यात जळगावला येत नाही.

बाकी मुद्द्यांना फार वेळ द्यावा असं मला वाटत नाही, पण उत्तर टाळलं असं कोणी म्हणू नये.

नावं झाकली नव्हती, खरं आहे. तीन ग्लास घ्यायचे, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं, ही पद्धत मलाही माहीत आहे. पण आम्ही गच्चीवर बसलो होतो, प्रयोगशाळा काढली नव्हती. गुणांना पद्धत होती. अमेरिकेतल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेची पन्नास गुणांची पत्रिका आम्ही वापरली : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण मताला १०. साडूंनी सांगितलं तेच मी लिहिलं, हा तर सरळ आरोप आहे. साडूभाऊ आधी आकडा सांगत आणि मग मी, एवढं खरं. ते वयाने मोठे आहेत, नात्यानेही मोठे आहेत. त्यांच्याआधी मी बोलायचं का? चारपैकी तीन बिअरचे आमचे आकडे जुळले, याचा अर्थ आमच्या जिभा जुळतात, दुसरा काही नाही.

डिक्कीचं म्हणाल तर बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फात होत्या. बर्फ सिल्लोडपर्यंत टिकला. पुढे अजिंठ्याचा घाट आणि तिथून घर, कितीसं अंतर आहे? घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवल्या, रात्रभर गार झाल्या. शिवाय ज्या आयपीएबद्दल तुम्हाला एवढा कळवळा आहे, ती मुळात कशासाठी नावाजली गेली ते बघा. लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची पेल एल आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात यायची. चार ते सहा महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर घातलेले असायचे म्हणून ती टिकायची. पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअरींनी हा धंदा त्यांच्याकडून ओढून घेतला, त्यांचीही बिअर त्याच वाटेने आली. जी बिअर लंडनहून कलकत्त्याला पोचायची, तिला पुणे-जळगाव सोसू नये?

हे मी काल साडूभाऊंना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, ती पिंपात असायची, जहाजाच्या तळाशी, आणि मुरेल अशीच बनवलेली असायची. आजची आयपीए हॉप्सच्या ताज्या वासासाठी पितात, तो वास उष्णतेने आधी जातो आणि मागे पुठ्ठा राहतो. असंही म्हणाले, "रावेरकरांचं ते एक वाक्य जरा विचार करण्यासारखं आहे हो." साडूभाऊंचा स्वभावच मऊ आहे. कोणी चार शब्द ठासून लिहिले की त्यांना पटतात. ऑफिसातही असंच व्हायचं.

तेव्हा आयपीएचे १९ गुण मी बदलणार नाही. मी जे चाखलं ते लिहिलं. बाटलीत उतरायच्या आधी, डिक्कीत चढायच्या आधी ती कशी होती हे सांगणं माझं काम नव्हे. ग्लासात पुठ्ठा होता, मी पुठ्ठा लिहिला.

पुढच्या वेळी काही लिहायचं असेल तर 'साहेब' काढून लिहा. नाहीतर सरळ घरी या. कांदेबागेची लावणी उरकल्यावर साडूभाऊ पुन्हा येणार आहेत, हेफेवायझेन असेलच. येताना एक पिकलेली फणी घेऊन या, हिरवी नको. ग्लास मी झाकून ठेवीन, हवं तर तिसरा ग्लासही ठेवीन. शेवभाजी मात्र असणारच.

आणि हो, तारखेचं. आयपीएची एक बाटली फ्रीजमध्ये उरली आहे. लेबलवरची तारीख काल रात्री पाहिली. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीची आहे. साडूभाऊंना अजून सांगितलेलं नाही.