शेतमजूर म्हणे राजकवी झाला!

दिवसा कंपनीत शिफ्ट आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाच्याला कुणा हितचिंतकाने एक पोस्ट पाठवली आहे. 18व्या शतकातल्या इंग्लंडमधला अडाणी शेतमजूर स्टीफन डक मळणी करता करता गाणी गायचा, निव्वळ जिद्दीवर राजकवी झाला आणि पुढचं आयुष्य सुखात गेलं. मग तुम्ही रडता कशाला? पोरगं हे वाचून स्वतःलाच बोल लावत बसलंय.

म्हणे गाणी गायचा! अरे, डकची 1730ची ‘द थ्रेशर्स लेबर’ (मळणीवाल्याचे कष्ट) ही कविता निदान एकदा उघडा तरी. मेंढपाळाला गाता येतं, आम्हाला नाही, दांडक्यांच्या दणदणाटात आवाज बुडतो, असं तोच सांगतो. वाटाणा झोडपून घरी जावं तर काळ्या धुरळ्याने माखलेलं तोंड बघून बायको दचकते, पोराला बागुलबुवा आलासा वाटतो. वर मालक ओरडणार, शेजारचे तुमच्या दुप्पट झोडतात! शेवटी डकला आठवतो तो ग्रीक पुराणातला सिसिफस, दगड वर ढकलायचा आणि तो पुन्हा खाली. ही काय कष्टांची आरती आहे?

राजकवीपदासाठी त्याचं नाव चर्चेत होतं, एवढंच. नेमणूक झाली नट-नाटककार कॉली सिबरची. अडाणीही नव्हता. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जोसेफ स्पेन्स यांनी त्याला भेटून सगळं लिहून ठेवलंय. चौदाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत शाळा झाली होती, पुढे डिक्शनरी घेऊन त्याने महाकवी मिल्टन वाचला.

बरं, विल्टशरच्या खळ्यावरून तो दरबारी पोचला हे खरं, मान्य. पण का? तर राणी कॅरोलाइनच्या मनात आलं. तनखा तिचा, रिचमंडचं घर तिचं. 1737 मध्ये ती वारली. डक पुढे पाद्री झाला आणि 1756 मध्ये रेडिंगला त्याने पाण्यात बुडून जीव दिला. याला ‘सुखात गेलं’ म्हणायचं?

आणि जिद्दच मोजायची तर पीटर्सफिल्डची मेरी कोलिअर घ्या. डकने त्याच कवितेत शेतावरच्या बायकांना बडबड्या, कामचुकार ठरवलं होतं. या धोबिणीने 1739 मध्ये कवितेतूनच त्याला सुनावलं: तुमच्याबरोबर शेतात राबायचं, घरी येऊन चूल-पोरं बघायची, शिवाय लोकांची धुणी, बोटांतून रक्त येईस्तोवर, तेही सहा-आठ पेन्सांवर. पुस्तक छापून आलं तरी त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत ती धुणीच धूत होती. तिची जिद्द नेमकी कुठे कमी पडली, ते पोस्टवाल्याने सांगावं.