डिक्सी डीनचे ६० गोल ऑफसाइडच्या नियमाने केले का?

एव्हर्टन या फुटबॉल क्लबचा सेंटर फॉरवर्ड (मधला आघाडीवीर) डिक्सी डीन याने १९२७-२८ च्या हंगामात इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, ३९ सामन्यांत ६० गोल केले. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याबद्दल एक दावा सर्रास पुढे केला जातो: १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, बचावपटू गोंधळले, म्हणून हे जमलं, तो एका हंगामाचा चमत्कार होता, आणि शेवटच्या सामन्यात आर्सेनलने त्याला मोकळं रान दिलं.

‘गोल नियमाने केले’

नियम सैल झाला, हे खरंच आहे. पूर्वी चेंडू पुढे दिला जाताना फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये गोलकीपर धरून प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत, नाहीतर तो ऑफसाइड ठरे आणि खेळ थांबे. १९२५-२६ पासून दोन पुरू लागले. जुन्या नियमात दोन फुलबॅकपैकी (मागचे बचावपटू) एक पुढे सरकून फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये पकडायचा सापळा लावायचा आणि दुसरा मागे राखणीला थांबायचा. सापळा फसला तरी मागे माणूस होता. नव्या नियमात दोघांनाही एकदम सरकावं लागे, आणि अंदाज चुकला की फॉरवर्ड थेट गोलकीपरसमोर. फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका वर्षात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. सामने तेवढेच, ४६२.

म्हणजे वाढ साधारण १.४३ पट. डीनचे ६० या पटीने भागा: ४२ येतात. नियम बदलण्यापूर्वी या डिव्हिजनमधला एका हंगामाचा विक्रम होता ३८ गोलांचा (एव्हर्टनचाच बर्ट फ्रीमन १९०८-०९ मध्ये, बोल्टनचा जो स्मिथ १९२०-२१ मध्ये). पट दीड धरली तरी ४० उरतात. नियमाचा सगळा फायदा वजा करूनही डीन पुढेच राहतो.

शिवाय गोंधळ सर्वांत मोठा होता तो पहिल्या हंगामात. तेव्हा ब्लॅकबर्नच्या टेड हार्परने ४३ गोल करून नवा विक्रम केला, ६० नव्हे. त्याच हंगामात व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनलने यावर उपाय म्हणून सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, दोन फुलबॅकच्या मध्ये मागे ओढायला सुरुवात केली होती. डीनने ६० केले तिसऱ्या हंगामात, हा उपाय कामाला लागल्यानंतर.

दावेदारांच्या बाजूचा एकच दमदार मुद्दा आहे आणि तो ते सहसा मांडत नाहीत: मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने आदल्याच वर्षी ५९ गोल केले होते. पण ते सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये. काळ गोलांचा होता, हे त्यातून दिसतं. वरच्या डिव्हिजनमध्ये कुणालाही ६० जमले असते, हे मात्र दिसत नाही.

‘एका हंगामाचा चमत्कार’

१९२५-२६ मध्ये ३८ लीग सामन्यांत ३२ गोल. १९२६ च्या उन्हाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात कवटी आणि जबडा मोडला. पुन्हा खेळेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. तरी पुढच्या हंगामात तो २७ सामने खेळला आणि २१ गोल केले. १९३०-३१ मध्ये सेकंड डिव्हिजनमधून एव्हर्टनला वर आणताना ३९, आणि लगेच पुढच्या वर्षी, मागे ओढलेला सेंटर हाफ सगळीकडे रुळलेला असताना, पुन्हा विजेतेपद आणि डीनचे ४० च्या वर गोल. एव्हर्टनसाठी लीगमधला एकूण हिशेब: ३९९ सामने, ३४९ गोल. बारा-तेरा वर्षं चालणाऱ्या प्रकाराला चमत्कार म्हणत नाहीत.

तुलनेसाठी, जिमी ग्रीव्ह्जचे १९६०-६१ मधले ४१ आणि अर्लिंग हालांडचे २०२२-२३ मधले ३६ गोल दोन्ही थोर मानले जातात. हालांडला ते ३५ सामन्यांत जमले, म्हणजे सामन्याला एकाहून जरा जास्त. डीनची सरासरी दीडच्या वर होती. तेव्हा हंगामात ४२ सामने असत म्हणून आकडा फुगला, हे म्हणणंही इथेच संपतं.

‘आर्सेनलने गोल दिले’

५ मे १९२८, गुडिसन पार्क. आदल्या सामन्यात बर्नलीविरुद्ध चार गोल केल्यावर डीनला साठसाठी आणखी तीन हवे होते, विजेतेपद तर आधीच ठरलं होतं. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. पाहुणे उदार असते तर त्यांच्या खात्यावर तीन गोल कशाला लागले असते? साठावा गोल ॲलेक ट्रूपच्या कॉर्नरवर, गर्दीत उडी मारून डोक्याने झाला. त्या दिवशीच्या तिघांपैकी दुसरा पेनल्टीवर होता, एवढं मान्य.