'असंतुलित होकर' आणि मावशीची वाटी

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. इथे इंदूरला मावशी गल्लीच्या टोकाला हळदीकुंकवाला गेली होती. परतताना मोटरसायकलवर दोघं आले, मागच्याने तिच्या गळ्यात हात घातला. मंगळसूत्र जुनं, दुपदरी, पटकन तुटेना. त्याने एक हिसडा दिला, मग दुसरा, आणि मावशी डांबरावर आपटली. वय ७१. उजवं मनगट मोडलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बातमी टाकली आणि तासाभरात २७ मेसेज आले. मोजलेत मी. त्यातले १९ एकाच सुराचे: 'एवढ्या उशिरा सोनं घालून जायचंच कशाला?' उशीर म्हणजे संध्याकाळचे पावणेसात! पोलीस ठाण्यात सोबत येऊ का, असं विचारणारा एकच निघाला, शेजारचा सिंधी मुलगा. तो बिचारा ग्रुपमध्येही नाही.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या ठाण्यात वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही.

आधी हद्द निघाली. गल्लीचं ते टोक म्हणे दुसऱ्या ठाण्यात येतं. मग आपल्या ओळखीचं वाक्य: 'आवेदन दे दीजिए, दिखवाते हैं.' इथेच आपली माणसं फसतात. आवेदनाच्या, म्हणजे साध्या अर्जाच्या, प्रतीवर शिक्का मिळतो, आपण घरी येऊन सांगतो, कम्प्लेंट केली. कसली कम्प्लेंट? कायमी, म्हणजे गुन्ह्याची नोंद, होऊन एफआयआरला नंबर पडत नाही तोवर काहीही झालेलं नसतं. दखलपात्र (म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. तीच झिरो एफआयआर. तरीही नाहीच घेतली, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे पाठवायची (आपल्या शहरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, म्हणून डीसीपीकडे, म्हणजे पोलीस उपायुक्ताकडे), आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

मला हे सगळं त्या रात्री माहीत होतं असं समजू नका. सिंधी मुलगा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाईलवर कलम उघडून ठाण्यात लिहून घेणाऱ्या मुंशीजींपुढे धरलं, अगदी नम्रपणे, 'सर, एक बार देख लीजिए'. पावणेअकराला कायमी झाली.

आता खरी गोष्ट.

मावशी मराठीत सांगत होती, मी हिंदी करत होते, मुंशीजी टाइप करत होते. मावशी म्हणाली, 'त्याने मला हिसडा देऊन पाडलं.' छापून आलं ते असं: 'फरियादिया असंतुलित होकर गिर गई.' मावशी सही करायला लागली, म्हणजे डाव्या हाताने अंगठा लावायला लागली, तेव्हा मी वाचलं आणि मला काहीच खटकलं नाही. पडली ना? पडली. झालं.

झालं नव्हतं. तोल जाऊन पडली तर ती झपटमारी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, जास्तीत जास्त ३ वर्षं. चोरी करताना इजा केली तर ती लूट, कलम ३०९, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीन आणि दहा यांच्यामध्ये काय होतं? मावशीचं एक क्रियापद. तिने 'पाडलं' म्हटलं, कागदावर 'गिर गई' आलं, आणि आरोपीचं काम सोपं झालं. मुंशीजींनी मुद्दाम केलं असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या बोटांना ते वाक्य पाठ असणार, रोज कोणी ना कोणी 'असंतुलित' होतच असतं.

तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर ते सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं असतं, आणि एफआयआरची प्रत लगेच व फुकट द्यायची असते. दोन्ही गोष्टी कायद्यात आहेत. प्रत मिळाली, वाचून कोणी दाखवलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही. चूक त्यांची, मान्य. पण अर्धी माझी. हिंदी वाचता येतं म्हणून हिंदी कागद कळतो, हा आपला इंदुरी मराठी माणसाचा भ्रम आहे. ठाण्याची हिंदी ही तिसरीच भाषा. तिच्यात 'खात्मा' म्हणजे आपली फाइल बंद.

पुढच्या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाचे कागद आणि एक्स-रे घेऊन गेलो, मावशीचं पूरक कथन घ्या म्हणालो. तिला ठाण्यात बोलावलं. तेही चूक. बाईमाणसाला, आणि ६० वर्षांवरच्या कुणालाही, जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आले. चहा घेतला, मोडलेला हात पाहिला, या वेळी मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली. कलम वाढलं. सांगायला पाहिजे, आलेला हवालदार फार सज्जन होता, त्यानेच म्हटलं, 'माताजी, पहले दिन ही ठीक से लिखवाना था.' कोणाला ठाऊक होतं हो, माझ्या बाबा.

एक गोष्ट मला अजून पचत नाही. सरकारी वकील सरकारचा, बचावाचा वकील आरोपीचा, मावशीचं कोण? कागदोपत्री ती साक्षीदार. आणि तरी कायद्याने तिला बरंच दिलंय. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक. सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील न्यायालयाच्या परवानगीने देता येतो. आरोपी सुटला तर अपील करता येतं. स्त्री असल्यामुळे विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिला फुकट, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. हे मला कळलं तेव्हा आम्ही एका वकिलाला पैसे देऊन बसलो होतो.

प्राधिकरणाच्या बाहेरच्या बाकावर एक बाई भेटली. नवऱ्याला गाडीने उडवलं, गाडी सापडलीच नाही. 'गाडीच नाही तर कोणावर दावा करू' म्हणून वर्षभर घरी बसली होती. अनोळखी गाडीच्या अपघातात मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, एप्रिल २०२२ पासून, अर्ज एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे. वर्षभरात एकाही माणसाने तिला हे सांगितलं नव्हतं. आणि इतर गुन्ह्यांतही आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकते, चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते.

आपल्या मंडळांना मला हेच सांगायचंय. गणपतीच्या दहा दिवसांत आपण पाणपोईपासून रक्तदानापर्यंत सगळ्याला माणसं काढतो. ठाण्यात आणि पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, सोबत जाणारी चार माणसं काढा. वकील नकोत. शांत डोक्याने बसून कागद वाचणारी, 'पाडलं' हा शब्द 'पाडलं' म्हणूनच लिहिला गेलाय ना हे बघणारी. निवृत्त बँकवाले काका यासाठी उत्तम, त्यांना चुकीचा कागद दुरून दिसतो.

फेब्रुवारीत दोघं पकडले गेले. मंगळसूत्रातली एक वाटी मिळाली, दुसरी वितळली होती. शिनाख्तीला, म्हणजे ओळख पटवताना, तसल्याच चारपाच वस्तूंमध्ये ती मिसळून ठेवायची असते. मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत, सगळी उत्तरेकडची पेंडल, मराठी वाटी एकच! तोच हवालदार मला विचारतो, 'मॅडम, आपके यहाँ से मिल जाएंगी क्या चार-पाँच?' आमच्याकडच्याच आणल्या तर ओळखायचं काय राहिलं? शेवटी तो सराफ्यात जाऊन एका सराफाकडून घेऊन आला. मावशीने पाच सेकंदांत आपली उचलली. काठाला पोचा आहे, माझ्या मावसभावाने दात येताना चावली होती.

वाटी हातात यायला मात्र आणखी चार महिने गेले. मौल्यवान माल पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन परत द्यावा, मालखान्यात सडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलंय. नव्या संहितेत तर माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत वर्णन आणि त्यानंतर ३० दिवसांत आदेश अशी मुदतच घातलीय. असो.

सुपुर्दगीच्या, म्हणजे माल ताब्यात घेण्याच्या, हमीपत्रावर अट आहे: विकणार नाही, रूप बदलणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन. मावशीने या वेळी सगळं वाचून घेतलं, चष्मा लावून, दोनदा. मग मला बाजूला घेऊन विचारलं, 'अगं, काळ्या पोतीत ओवली तर रूप बदललं का गं?'

मी वकिलांना विचारलंय. पेशी मंगळवारी आहे.