सोलरमुळे पाऊस पळतो म्हणे!

सध्या गावाकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. ज्यांना वाचायचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते आयुष्यभरात देतच नाही, पॅनलमधलं विष जमिनीत झिरपून विहिरी नासतात, सोलर पार्कच्या उष्णतेने ढग पळून जातात, 25 वर्षांनी त्या कचऱ्याचं काय करायचं कुणालाच माहीत नाही, आणि रात्री शेवटी कोळसाच जाळायचा असतो मग फायदा काय. शेवटी नेहमीचं, सगळ्यांना पाठवा वगैरे.

सोलर काही धुतल्या तांदळासारखं नाहीये, त्यावर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे. माझी चिडचिड होते ती ही, की या मेसेजने नेमके चुकीचे आक्षेप उचललेत आणि खरे सोडून दिलेत.

आधी विजेचं बघू. सिलिकॉन शुद्ध करायला भट्ट्या लागतात, प्रचंड वीज जाते, हे खरंच आहे. पण उत्तर युरोपात, जिथे ऊन आपल्या निम्म्याच्या आसपास पडतं, तिथेसुद्धा पॅनल स्वतःला लागलेली ऊर्जा साधारण वर्ष-सव्वा वर्षात परत देतं, आणि चालतं किमान 25 वर्षं. आपल्याकडे तर अजून लवकर. हा समज जुन्या काळातून आलाय, तेव्हा सिलिकॉनच्या चकत्या जाड असायच्या, 2004 च्या सुमाराससुद्धा एका वॅटमागे 16 ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन लागायचं, आता 2-3 ग्रॅममध्ये काम होतं. जुनं गणित नव्या पॅनलला लावायचं आणि "बघा फसवणूक" म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

हां, एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. जगातली बहुतेक पॅनल चीनमध्ये बनतात आणि तिथे त्या भट्ट्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालतात, शिनजियांगमधल्या कारखान्यांवर तर सक्तीच्या मजुरीचे आरोप आहेत. पॅनल तुमच्या गच्चीवर स्वच्छ दिसतं म्हणून त्याचा धूर झालाच नाही असं नाही, तो दुसऱ्याच्या गावात झाला. पण तो सगळा धूर धरूनसुद्धा आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, 2014 च्या अहवालात सोलरच्या एका युनिटमागे 40 ते 50 ग्रॅम कार्बन धरलाय आणि कोळशाच्या युनिटमागे 820 ग्रॅम. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हा फरक कशाने भरून काढणार?

विषाचा मुद्दा. मेसेजमध्ये कॅडमियमचं नाव घेऊन घाबरवलंय. कॅडमियम असतं ते एका वेगळ्या प्रकारच्या, पातळ थराच्या पॅनलमध्ये. आपल्याकडे गच्चीवर आणि शेतात बसतात ती बहुतेक सगळी सिलिकॉनची, म्हणजे वजनाने बघितलं तर मुख्यतः काच, मग अॅल्युमिनियमची चौकट, प्लास्टिकचे थर, थोडं सिलिकॉन, किंचित तांबं-चांदी. डाग देताना शिसं वापरतात ते काही ग्रॅम, आणि तेही काचेच्या आत बंद. फुटलेली पॅनल वर्षानुवर्षं उकिरड्यावर पडून राहिली तर ते बाहेर येऊ शकतं, तेव्हा फुटलेलं पॅनल भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, इतपत काळजी बरोबरच आहे. पण गंमत बघा, लोडशेडिंगसाठी घराघरात जी इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलीये तिच्यात किलोंनी शिसं असतं, ती आपण बिनधास्त भंगारात देतो, अॅसिड गटारात ओततो, त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता पाऊस. हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो, कारण दुष्काळी भागात माणूस कारण शोधतच असतो आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ही कथा नवीन नाही हो. वीसेक वर्षांपूर्वी साताऱ्या-सांगलीकडे आणि धुळ्यात पवनचक्क्या आल्या तेव्हा अगदी हेच बोललं जायचं, की पाती ढग उडवून लावतात. आता पात्यांच्या जागी पॅनल आलं, बाकी मजकूर तोच. माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटावरच रिकामे होतात आणि पलीकडे पोचतं ते उरलंसुरलं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 1972 च्या दुष्काळात कुठे होतं सोलर?

उष्णतेबद्दल मात्र पूर्ण खोटं नाही. काळं पॅनल ऊन शोषतं, त्यातला पाचवा हिस्सा वीज होऊन तारेतून जातो, बाकी बरंचसं उष्णता बनून तिथेच हवेत मिसळतं. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या सोलर प्लांटवरची रात्रीची हवा आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीपेक्षा 3-4 अंशांनी गरम सापडली होती. म्हणजे प्लांटला अगदी लागून घर असेल तर तक्रार करायला जागा आहे, मधे अंतर सोडा, झाडं लावा म्हणायला जागा आहे. पण कुठे काही एकरांवरची गरम हवा आणि कुठे शेकडो किलोमीटर पसरलेला मान्सून! उलट 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर असं करून पाहिलं की अख्ख्या सहारा वाळवंटात पवनचक्क्या आणि पॅनल पसरले तर काय होईल, तर उत्तर आलं की पाऊस वाढेल. (म्हणून आता "सोलर लावा पाऊस पाडा" असा मेसेज सुरू करू नका कृपया, ते अख्ख्या सहाराचं गणित होतं.)

आणि पाण्याचीच एवढी काळजी असेल तर परळी आठवा. 2015 ला मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळशाच्या केंद्राला वाफ थंड करायला एका युनिटमागे दोन-तीन लिटर पाणी सहज लागतं, पॅनलला लागतं ते धूळ धुवायला.

कचरा. 25 वर्षांनी कचरा होणार आहे, नक्की होणार आहे. 2030 पर्यंत देशात साठून सुमारे 6 लाख टन होईल असा एक अंदाज आहे. मोठा वाटतो ना आकडा? देशातल्या कोळशाच्या केंद्रांनी 2021-22 या एका वर्षात 27 कोटी टन राख काढली. आपल्या कोळशात वजनाच्या 30-40 टक्के राखच असते. ती राख साठवायचे तलाव असतात, आणि जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखतलाव फुटला तेव्हा ती आजूबाजूच्या शेतांत नि नाल्यांत शिरली होती. ही राख कुणाच्या मेसेजमध्ये येत नाही, कारण ती रोजचीच झालीये.

तरी सरकारने इथे वेळ काढलाय हे म्हणायलाच हवं. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल घेतली खरी, पण कंपन्यांनी काय करायचं तर 2034-35 पर्यंत कचरा नीट साठवून ठेवायचा. काच आणि अॅल्युमिनियम सहज निघतं, खरी किंमत चांदीत आणि सिलिकॉनमध्ये, आणि ते वेगळं काढायला खर्च जास्त. वादळात फुटलेली, वाहतुकीत तडकलेली पॅनल आजच निघताहेत, ती जातात कुठे हा प्रश्न विचारा की.

रात्रीच्या कोळशाबद्दल फार बोलायची गरज नाही. दिवसा जो कोळसा जळला नाही तो जळला नाही, संध्याकाळी केंद्र चालवलं म्हणून तो परत जळत नाही. गच्चीवरचं 3 किलोवॅट वर्षाला चारेक हजार युनिट देतं, म्हणजे ग्रीडच्या (तारांच्या जाळ्यातून येणाऱ्या सरासरी विजेच्या) हिशोबाने तीनेक टन कार्बन वाचला. अडचण वेगळीच आहे, कोळशाचे संच दुपारी पटकन बंद-चालू करता येत नाहीत, साधारण 55 टक्क्यांपर्यंतच खाली आणतात, त्यामुळे भर दुपारी सोलर जास्त झालं की कधीकधी सोलरच थांबवतात. त्याला उपाय बॅटरी, नाहीतर घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासारखं, दुपारी पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची.

आता जे मेसेजमध्ये नाहीये ते. एक मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. मग सगळ्यांची नजर जाते गायरानावर आणि माळरानावर, कागदावर "पडीक" लिहिलेलं असतं ना. त्या पडीक माळावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, लांडगा असतो, चिंकारा असतो. राजस्थानात माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2021 ला तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला आणि 2024 मध्ये तो सैल केला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता माळढोक दिसणं म्हणजे नशीबच. आणि जमिनीच्या मोबदल्याचं म्हणाल तर धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं, ती जमीन दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठीच गेली होती. ढग पळतात म्हणून ओरडण्यापेक्षा ग्रामसभेत विचारा की गायरान देताय तर गुरं कुठे चरणार, पॅनलखाली मेंढ्या सोडू देणार का, आणि ठेका संपल्यावर सांगाडे कोण काढणार.

दुसरं, सौर पंप. शेतकऱ्याला रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत मोटर चालू करायला जावं लागत नाही, डिझेल वाचतं, हे सोन्यासारखं आहे. पण ऊन फुकट म्हणजे पाणी उपसायचा खर्च शून्य. मग बोअरमध्ये आहे तोवर ओढतच राहायचं, ऊस वाढवायचा, शेजाऱ्याची विहीर आटली तर आटली. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात शेतकऱ्यांनी सौर पंपांची सोसायटी करून जास्तीची वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली, म्हणजे पाणी न उपसण्याचेही पैसे मिळतात. आपल्याकडे सरकारी योजनेतले बहुतेक सौर पंप ग्रीडला जोडलेलेच नाहीत, पिकाला पाणी नको असेल त्या दिवशी पॅनल नुसतं ऊन खात उभं असतं, नाहीतर मोटर उगाच चालू असते.