फक्त चवीसाठी? पटलं नाही
'हर्बल मद्यात वनस्पती केवळ चवीसाठी असतात' हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या गडचिरोलीकडे उन्हाळ्याच्या तोंडावर धायटीची लाल फुलं जंगलात जागोजागी दिसतात. दशमूलारिष्ट या आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधात हीच पडतात. त्यांच्यासोबत येणारं यीस्ट गूळ आंबवतं, फुलांतलं टॅनिन हे द्रव्य तुरटपणा आणतं. म्हणजे मद्यार्क तयार होण्यातच या फुलांचा हात आहे! युरोपातल्या लिक्युअर या गोडसर मद्यामध्ये बहुधा तयार मद्यार्कातच वनस्पती मुरवतात, पण तिथेही निवड महत्त्वाचीच. जेन्शियन या वनस्पतीच्या मुळाने पेय कडू होतं. अ‍ॅनिस या बडीशेपेसारख्या बियांमधलं अ‍ॅनेथॉल हे सुगंधी द्रव्य मद्यार्कात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच, म्हणून पाणी घालताच पेय दुधाळ होतं. पुढच्या लेखात मोहफुलांवर सविस्तर लिहा, ही विनंती. आमच्या भागात कितीतरी घरांचा उन्हाळा त्यांच्यावर निघतो.