मामा, फायली जाळत कोण होतं?

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मोठ्या मामांचा फॉरवर्ड येऊन पडला. 'बर्लिनची भिंत पडल्यावर जर्मनांनी गुप्त पोलिसांच्या सगळ्या फायली जाळल्या, कुणावर खटला भरला नाही, सूडाचं रक्त सांडू दिलं नाही. जुनं उकरलं नाही म्हणून देश पुढे गेला.' सोबत फाटक्या कागदांनी भरलेल्या पोत्यांचा फोटो. दोन्ही मावश्यांचं लगेच 'अगदी खरं'. मग मात्र मला राहवेना.

आधी तो फोटोच बघा. फायली जाळल्या, तर पोत्यांत काय भरलंय?

कागद नष्ट करायला बसले होते खुद्द स्टासीवाले, म्हणजे पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस. सत्ता हातची जातेय हे दिसताच यंत्रं लावली, ती पुरेनात तेव्हा हातांनी टराटरा फाडायला घेतलं. हे कळल्यावर ४ डिसेंबर १९८९ला एर्फुर्टमध्ये बायकांनी पुढाकार घेतला आणि लोक थेट स्टासीच्या कचेरीत घुसले. १५ जानेवारी १९९०ला बर्लिनचं मुख्यालय. त्याच वर्षी सप्टेंबरात, फायली पुन्हा कुलपात जाणार असं दिसल्यावर, लोकांनी तिथेच ठिय्या देऊन उपोषण केलं. १९९१मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९९२पासून ज्याची फाईल त्याला वाचायला मिळू लागली. आज या दप्तराची लांबी १११ किलोमीटर सांगतात. फाटक्या कागदांची सुमारे १६ हजार पोती उरली होती. त्यातले तुकडे १९९५पासून माणसं हातांनी जुळवत बसली, तरी पाचशेच्या वर थोडीच पोती झाली. विसरायचं ठरवलेला देश हे उद्योग करतो?

एक कबूल करते, नाइलाजाने. स्टासीच्या परदेशी हेरगिरीच्या खात्याला १९९०मध्ये आपले कागद नष्ट करायची खरोखरच मुभा मिळाली होती. पण 'सगळ्या फायली'?

खटल्यांचं थोडक्यात. पूर्व जर्मनीच्या शेवटच्या नेत्यांपैकी एगॉन क्रेन्झ यांना, देशातून पळू बघणाऱ्यांच्या सीमेवरच्या हत्यांसाठी १९९७मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. स्टासीप्रमुख एरिक मील्के मात्र दोषी ठरला तो १९३१मधल्या दोन पोलिसांच्या खुनासाठी! मामांना हसायचं तर इथे हसावं, माझी हरकत नाही.

आता सूडाचं रक्त. फायली उघडल्या तर मुडदे पडतील, ही भीती तेव्हा बड्या राजकारण्यांनीही घातली होती. फायली उघडल्या. वेरा लेंग्सफेल्ड या कार्यकर्तीला कळलं, की आपल्यावर पाळत ठेवून बातम्या पुरवणारा खुद्द आपला नवराच, टोपणनाव 'डोनाल्ड'. बाईने घटस्फोट घेतला, कोयता नाही. सूडाच्या खुनांची ती लाट काही आली नाही.

मामांनी फॉरवर्ड अजून काढलेला नाही. मावश्यांचे अंगठेही तसेच आहेत.